इलारिएच्या नावाचं पाणी

बुखारेस्टच्या चहूबाजूंनी इल्फोव नावाचा जिल्हा आहे. मधोमध भोक असलेलं पावाचं कडं असतं ना, तसा. भोकात राजधानी, आणि खाणाऱ्यांचं सगळं लक्ष भोकाकडे. जिल्ह्याची कचेरीसुद्धा जिल्ह्यात नाही, ती राजधानीत. तिथे बसून साहेबलोक उंटावरून शेळ्या हाकतात. शहराला टोमॅटो पुरवायचे इल्फोवनं, तळ्यांतला मासा इल्फोवनं, जुन्या जंगलातलं ओकचं लाकूड इल्फोवनं, आणि रविवारी मठ बघून झाल्यावर गवतावर पाय पसरायला जागाही इल्फोवनंच द्यायची. बदल्यात शहरानं कचऱ्याचे डोंगर दिले, वर्तुळरस्त्यावर ट्रकच्या रांगा दिल्या आणि डोक्यावरून विमानं सोडली. वेतुरिया मोकानुनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पुस्तकात या जिल्ह्याला अर्धं पान होतं, आणि ते अर्धं पान शिकवताना तिचा आवाज दरवर्षी चढायचा. निवृत्त झाल्यावरही तो उतरला नव्हता.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी ती फ्लॅटच्या बाल्कनीत वांगी भाजत होती. वरच्या मजल्यावरची शेजारीण धुराच्या नावानं बोटं मोडत होती आणि वेतुरिया तिला खालून उत्तरं देत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, मी पांदेले. वसाहतीच्या फाटकावरचा."

"ठाऊक आहे. तुझ्या दोन्ही पोरांना मी नापास केलंय. बोल."

"आज दुपारच्या आत इकडे येता का?"

"त्या जागेत मी पुन्हा पाय ठेवणार नाही, हे तुझ्या मालकाला सांगून झालंय माझं."

"मालकाला ठाऊक नाही मी फोन केलाय ते. बाई, पाण्याचं आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. तुमच्या गावचं आहे."

वेतुरियानं गॅस बंद केला.

तिचं गाव म्हणजे स्तेझारू. ते आता नाही. अठ्ठ्याऐंशीच्या शरदात वरून हुकूम आला की खेडी फार झाली, जमीन वाया जाते. लोकांना आपापली दारं-खिडक्या उपटून न्यायला थोडी सवड दिली आणि मग बुलडोझर फिरवला. घरं गेली, देऊळ गेलं, अक्रोडाची झाडं गेली. माणसांना उचलून चार मजली इमारतींत कोंबलं. तिथे नळ होते, पण पाणी यायचं ते अंगणातल्या एकाच तोटीला. जी आयुष्यभर स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायली ती माणसं बादली घेऊन रांगेत उभी राहिली, आणि याला प्रगती म्हणायचं होतं.

एक विहीर तेवढी वाचली. तिकडे माणूस गेला की त्याच्या नावानं विहीर खणतात, रस्त्याच्या कडेला, वाटसरूला दिसेल अशी. वर लाकडी क्रूस, क्रूसावर नाव, दांडीला टांगलेला पेला. पाणी पिणाऱ्यानं पेला ठेवताना म्हणायचं, "बोग्दाप्रोस्ते", म्हणजे देव त्याला क्षमा करो. त्या शब्दावर पाणी पलीकडे पोचतं. धन्यवाद म्हणायचं नाही. धन्यवाद म्हटलं की पाणी पिणाऱ्याच्याच पोटात राहतं आणि पलीकडचा कोरडा तो कोरडाच. पाणी मेलेल्याच्या गावच्या मातीतलं हवं आणि देणाऱ्याचं स्वतःचं हवं, उचललेलं चालत नाही. आणि देताना नाव घ्यायचं ते गेलेल्याचंच. जिवंत माणसाचं नाव तिथे लहान मूलसुद्धा घेणार नाही.

ही विहीर वेतुरियाच्या बापाच्या, इलारिएच्या नावाची होती. बुलडोझरवाला तिच्यापाशी येऊन थांबला, खाली उतरला, पाणी प्यायला, शब्द म्हणाला आणि यंत्र वळवून घेऊन गेला. गावातल्या बाकीच्या विहिरी बुजल्या तेव्हा वेतुरियाची आई सावेता म्हणाली, आता ही एकटीच सगळ्यांची. दर वसंतात ती बसनं जायची, विहीर उपसायची, क्रूस रंगवायची, नवा पेला टांगायची. मक्याच्या शेतात काम करणारे, ट्रकवाले, मठाकडे चाललेले, सगळे तिथे पाणी प्यायचे. अशी तीसेक वर्षं गेली.

मधल्या काळात राजवट बदलली होती, जमिनी वारसांना परत मिळाल्या होत्या; मग वारसांनी त्या विकल्या, आणि तिथे 'शाही ओक निवास' उभं राहिलं. ओकचं एक झाड शिल्लक ठेवलं नव्हतं. नावात ठेवलं तेवढंच. कंपनीचा मालक ऑक्टाव्हियान प्रेदेस्कु. विहीर होती तिथे त्यानं पोहण्याचा तलाव बांधला. वेतुरिया त्याच्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "बाई, नकाशावर विहीर नाहीच." भूगोलाच्या शिक्षिकेला सांगतो, नकाशावर नाही! आणि तलावाशेजारच्या क्लबच्या भिंतीवर इलारिएचा क्रूस टांगलेला होता, पॉलिश करून, खाली छोटा दिवा लावून. पाहुण्यांना खेड्याचा 'फील' यावा म्हणून. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

सावेता गेल्या वसंतात गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण एक वाक्य मात्र नीट यायचं. "तुझ्या बापाला कोरडं ठेवू नकोस." वेतुरियानं हो म्हटलं होतं. त्यानंतर ती कंपनीकडे गेली, पंचायतीत गेली, राजधानीतल्या कचेरीत गेली, पाद्रीबाबांकडे गेली. सगळ्यांनी तिच्या तोंडाला पानं पुसली. पाद्रीबाबांनी तर नव्या देवळाच्या कळसाला प्रेदेस्कुनं पत्रा दिल्याचं सांगितलं.

वसाहतीत ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी घरं, एकसारखी लोखंडी फाटकं, फाटकापाशी कुंडीतलं ऑलिव्हचं झाड. गवतावर फवारे फिरत होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पांदेलेच्या खोलीत पंखा होता, कॉफीचं यंत्र होतं आणि एक मोठा फलक होता. प्रत्येक घराची घंटा वाजली की त्या घराचा दिवा फलकावर पेटायचा आणि फाटकाचं चित्र पडद्यावर दिसायचं.

"बसा बाई," पांदेले म्हणाला. त्यानं खुर्ची पुसली. "आठवडाभर चाललंय. भर दुपारी. आधी एकाच घरी होतं, आता सगळीकडे."

"काय होतं?"

"कळेल तुम्हाला."

"पांदेले, मी बाल्कनीत वांगी टाकून आलेय. कोडी घालू नकोस."

तो उत्तर देणार एवढ्यात नऊ नंबरचा दिवा पेटला. पडद्यावर फाटक दिसलं, तापलेली फरशी दिसली, कुंडी दिसली. माणूस दिसला नाही. आणि आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, घसा कोरडा पडलेला.

"थोडं पाणी मिळेल का गं? फार नको. जीभ ओली होईल एवढंच."

आतून एका तरुण बाईचं उत्तर आलं. "इथे मागायला यायची परवानगी नाही. मी तक्रार करीन हं."

"कर की बाळ. पण घोटभर दे."

दिवा विझला.

वेतुरिया उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. स्तेझारूची बोली आता कुणी बोलत नाही. शब्दाचं शेपूट असं लांबवायची सवय इमारतींत गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत मेली. आणि 'जीभ ओली होईल एवढंच' असं मागणारी गावात एकच होती, पारास्कीवा सुईण. वेतुरिया कॉलेजात होती तेव्हा ती वारली.

"कुणी तरी टेप लावलीय," वेतुरिया म्हणाली.

"वायर काढून बघितली बाई. वायर काढली तरी येतो."

"मग कुणी पोरटं लपून बसलं असेल."

"कुठे लपणार? झाड तरी ठेवलंय का एक?" पांदेलेनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मालक म्हणतो, ही त्या शाळाबाईची करामत. तीच कुणाला तरी पाठवते."

"चोराच्या उलट्या बोंबा!" वेतुरिया एवढ्या जोरानं म्हणाली की पांदेलेनं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः नऊ नंबरच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. तिला भुताखेतांचं वेड नव्हतं. वर्गात ग्रहणाला घाबरणाऱ्या पोरांना तिनं काचेवर काजळी धरून सूर्य दाखवला होता. उन्हात उभं राहून तिचे पाय पोळत होते. फवाऱ्यांचा फटफट आवाज येत होता. मग आंबूस वास आला, मेंढीच्या चीजमधून गळणाऱ्या पाण्याचा, आणि घंटीचं बटण आत गेलं. तिच्या डोळ्यांदेखत गेलं. बटणावरच्या धुळीत बोटाचा ठसा उमटला, रुंद, पुरुषाचा.

"मालकीणबाई," गावच्या, कधीच वारलेल्या ड्रागोमिर मेंढपाळाचा आवाज तिच्या खांद्यामागून आला, "कुत्रं बांधलेलं असेल तर एक पेला पाणी द्या."

वेतुरियानं मागे वळून बघितलं नाही. तिला शरम वाटली, पण मान वळेना.

"ड्रागोमिरकाका," ती हळूच म्हणाली, "माझ्याजवळ बाटली आहे."

"तुझं पाणी शहराच्या नळाचं, पोरी." आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "त्याला आमच्या मातीची चव नाही. इथलं ज्याचं आहे त्यानं द्यावं."

इथलं ज्याचं आहे त्यानं! वेतुरियाच्या अंगाची लाही झाली. माती यांच्या बापजाद्यांची, झरा यांच्या घामानं खणलेला, आणि पाण्याचा मालक कोण, तर काल आलेला प्रेदेस्कु. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, आणि बिळातल्यांनी त्याच्याच दारात हात पसरायचे. भीती तिला तेव्हा वाटलीच नाही. रागापुढे तिला जागाच उरली नव्हती.

ती त्यानंतर रोज येऊ लागली. दुपारी फलकावरचे दिवे एकामागून एक पेटायचे आणि ती आवाज ओळखत बसायची. हा लोहार. ही देवळातली मेणबत्तीवाली. हा तोच, ज्यानं आमची कोंबडी चोरली होती. लोक वेगवेगळ्या तऱ्हेनं मागत होते, कुणी गयावया करून, कुणी थट्टेत. घरातून उत्तरं मात्र एकाच ठशाची यायची. चुकीच्या घरी आलात. दुकानात मिळेल. पोलिसांना बोलावू का? एका गृहस्थानं तर पाणी विकत हवं असेल तर ॲपवर मागवा असं सांगितलं. स्तेझारूत दारात आलेल्या दुश्मनालाही आधी पाणी आणि मग शिवी असा रिवाज होता.

"तुमचे वडील?" पांदेलेनं एकदा विचारलं.

"आला नाही अजून."

"येतील."

"यायचा नाही तो. आणि आला तरी मागायचा नाही." वेतुरियानं चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला. "सामुदायिक शेतावर मळणीच्या दिवसांत ओठ फुटेस्तोवर काम करायचा. कुणाच्या फाटकाशी थांबला आणि त्यांनी आपण होऊन विचारलं तर प्यायचा. नाही विचारलं तर टोपी नीट करून चालू पडायचा. आई म्हणायची, हा माणूस तहानेनं मरेल पण तोंड उघडणार नाही."

"म्हणजे त्यांना आपण होऊन द्यायला हवं."

"त्याचं नाव घेऊन. आणि ज्याचं पाणी आहे त्यानं. एक पेला रे पांदेले, एक पेला! एवढ्यासाठी मी राजधानीचे जिने चढले."

नऊ नंबरमध्ये राहणाऱ्या तरुण बाईचं नाव रालुका. नवरा परदेशी, तान्हं मूल कडेवर. एका दुपारी ती घाबरून पांदेलेच्या खोलीत आली, तेव्हा वेतुरियानं तिला सगळं सांगितलं, रिवाजासकट. रालुका शहरात वाढलेली; ती ऐकत राहिली आणि मुलाला थोपटत राहिली.

"मी दिलं असतं हो काकू," ती शेवटी म्हणाली. "पण करारात लिहिलंय, फाटकावर आलेल्याला काही द्यायचं नाही. दंड आहे."

"पाण्याला दंड," वेतुरिया म्हणाली. "लिहिणाऱ्याचे हात कसे झडले नाहीत?"

रालुका दाराकडे वळली. जाताना तिनं विचारलं, "वडिलांचं नाव काय म्हणालात?"

"इलारिए."

तक्रारी वाढल्या. दोन घरं विकायला निघाली. तेव्हा एका दुपारी प्रेदेस्कु स्वतः आला. चकचकीत गाडी, पांढरा सदरा, हातात बर्फाच्या पाण्याची बाटली. वेतुरियाला पांदेलेच्या खोलीत पाहिल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या.

"शाबास बाई! पेन्शनमध्ये भागत नाही वाटतं? किती माणसं ठेवलीत नाटकाला?"

"एक पेला पाणी द्या," वेतुरिया म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "तुमच्या बोअरचं, तुमच्या हातानं. इलारिए मोकानुच्या आत्म्यासाठी, एवढंच म्हणा. मी तुमच्या पाया पडते. मग मी तोंड दाखवणार नाही."

"एका नाटकाला पाणी दिलं की उद्या अख्खा तमाशा येईल."

"माझ्या बापाची विहीर पुरलीत तुम्ही."

"कागदावर दाखवा." तो हसला. "कागद नाही, तर बाप नाही."

पांदेलेनं खाली बघितलं. वेतुरियाला प्रेदेस्कुच्या तोंडात मारावीशी वाटली आणि तिनं हात उचललासुद्धा, पण त्याच क्षणी फलकावरचे दिवे पेटले. एक नाही. सगळे.

पडद्यावर सगळी फाटकं एकदम दिसली, छोट्या छोट्या चौकटींत. सगळी रिकामी. सगळ्यांतून आवाज, एकमेकांत मिसळलेले, कुणाचेही मोठे नाहीत. पाणी. घोटभर. जीभ ओली होईल एवढं.

प्रेदेस्कुनं बटणं दाबून बघितली, वायर उपटली. आवाज चालूच राहिले. तो तरातरा बाहेर गल्लीत गेला आणि वेतुरिया त्याच्यामागून धावली.

भर उन्हात गल्ली मोकळी होती. प्रत्येक फाटकाचं बटण आत दाबलेलं होतं आणि तसंच राहिलं होतं. फवारे बंद पडले होते. आंबूस वास होता, घामाचा होता, जुन्या लोकरीचा होता. बाजाराच्या दिवशी बसमध्ये यायचा तसा.

"पाणी पाहिजे?" प्रेदेस्कु ओरडला. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "घ्या! प्या! सगळं घ्या, तलावासकट!"

आवाज थांबले.

मग पारास्कीवा सुईणीचा एकटीचा आवाज आला, अगदी जवळून, अदबीनं.

"कुणाच्या नावानं, बाळ?"

"इलारिए म्हणा," वेतुरिया किंचाळली. "साहेब, इलारिए म्हणा!"

प्रेदेस्कुनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, शाळेत मुद्दाम चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराचं असतं तसलं.

"माझ्या! माझ्या नावानं! ऑक्टाव्हियान प्रेदेस्कुच्या!"

पांदेलेनं तोंडावर हात घेतला.

तलावाकडून आवाज आला. गटागटा पिण्याचा.

वेतुरियानं बघितलं. तलावाचं पाणी खाली जात होतं. लाट नव्हती, भोवरा नव्हता. निळ्या फरशीची एक ओळ उघडी पडली, मग दुसरी, मग शिडीच्या पायऱ्या. गवत सुकत चाललं होतं. प्रेदेस्कुच्या हातातल्या बाटलीचं प्लास्टिक आत ओढलं गेलं आणि कडकड वाजलं. बर्फसुद्धा उरला नाही.

मग पहिल्या फाटकातून शब्द आला.

"बोग्दाप्रोस्ते. देव ऑक्टाव्हियानला क्षमा करो."

दुसऱ्या फाटकातून आला. तिसऱ्या. ड्रागोमिरचा आला, लोहाराचा आला, मेणबत्तीवालीचा आला. पोट भरल्यावर माणूस बोलतो तशा तृप्त आवाजात, मनापासून, एकेक करून.

"देव ऑक्टाव्हियानला क्षमा करो."

गल्ली संपेपर्यंत शब्द गेला. बटणं वर आली. वास विरला.

"तलावाला तडा गेलाय," प्रेदेस्कु म्हणाला. त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. "प्लंबरला बोलवा. आणि ही बाई उद्यापासून आत दिसता कामा नये." तो गाडीत बसला, दार त्यानं दोनदा आपटलं, आणि गाडी फाटकाकडे निघाली.

पांदेलेनं आडवा खांब वर केला. गाडी समोरून जाताना त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली. वेतुरियाचा उजवा हात कपाळाला गेला, पोटाला गेला, एका खांद्याला, मग दुसऱ्या खांद्याला. तिनं ही क्रूसाची खूण मुद्दाम केली नव्हती. त्या माणसाला ती काही क्षमा करणार नव्हती, देवानंही करू नये असं तिला वाटत होतं. पण रस्त्यानं मयताची गाडी जाताना हात आपोआप उठतो, तसा तो उठला होता.

गाडीचे मागचे लाल दिवे पेटले. प्रेदेस्कुनं आरशात बघितलं असावं. गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग वळणावरून दिसेनाशी झाली.

"बाई," पांदेले म्हणाला. टोपी अजून छातीशीच होती. "साहेब बिचारे, देव त्यांना क्षमा करो, घरी पोचतील ना?" आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यानं ओठ मिटून घेतले.

वेतुरिया फुटपाथवर बसली. आता तिला रडू आलं, रागाचं. सगळं गाव प्यायलं आणि सगळ्या गावानं दुवा दिली ती त्या माणसाला! हयातभर हडपलं ते हडपलं, आता मेलेल्यांच्या तोंडचा शब्दसुद्धा त्यानं आपल्या नावावर करून घेतला. आणि तिचा बाप? त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आईला ती काय सांगणार होती?

"काकू!"

नऊ नंबरच्या घराचं दार उघडं होतं. रालुका पायरीवर उभी होती, मूल आत झोपलेलं असावं, कारण ती दबक्या आवाजात बोलत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकू, घंटा वाजली. पण कुणी काही बोलत नाहीये."

वेतुरियानं वळून बघितलं. नऊ नंबरचं बटण आत दाबलेलं होतं. बाकी सगळी वर होती. फाटक किंचित ढकललेलं होतं, आत येण्याइतकं नाही, बाहेर उभ्या माणसाला आतलं दिसेल एवढंच. आणि त्या फटीपाशी कुणी तरी थांबलेलं होतं. तिला काही दिसलं नाही. तरी ती उठून उभी राहिली, बाप घरात आल्यावर उठायची तशी.

"कोण आहे?" रालुकानं विचारलं.

वेतुरिया त्या फटीकडे बघत राहिली. पण रालुकाला उत्तर लागलं नाही. तिनं फाटकाकडे बघितलं, मग वेतुरियाकडे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा हं," ती फाटकाकडे बघून म्हणाली. "जाऊ नका. मी देते. दंड झाला तर होऊ दे."

ती धावत आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. पेला ठेवल्याचा आला. उघड्या खिडकीतून तिचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. "हे पाणी इलारिएच्या आत्म्यासाठी," ती पाठ केल्यासारखं म्हणत होती, आणि नाव अगदी बरोबर घेत होती. "इलारिए मोकानुच्या आत्म्यासाठी."

मग नळ फिरला. नळातून नुसती हवा आली. दुसरा नळ फिरला, न्हाणीघरातला. मग फ्रिज उघडला, बाटल्या एकमेकींवर आपटल्या, सगळ्या पोकळ वाजत होत्या. वेतुरिया पांदेलेकडे धावली. पांदेलेनं कॉफीच्या यंत्राचं टाकं उपडं करून दाखवलं.

रालुका दारात आली. हातात रिकामा पेला होता, आणि तो तिनं दोन्ही हातांनी तसाच पुढे धरला होता.

"एवढा वेळ थांबलात," ती म्हणाली. "आणखी थोडं थांबा ना."

बटण हळूच वर आलं. मग फाटक, आत मूल झोपलंय हे ठाऊक असलेल्या माणसानं ओढून घ्यावं तसं, आवाज न करता लागलं.